कोरडवेळ: पत्र्याच्या ट्रेमधला एक वैरी किनारा (प्रकल्प नोंदी)

रविवार, 1 जून

आम्ही चौघं-पाचजण दर रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत एकाच्या माडीवर जमतो आणि फाशांवरचा कल्पित जगाचा खेळ खेळतो. सूत्रधार मी. गेल्या मोहिमेत गडी डोंगर उतरून समुद्रापर्यंत आले आणि मी अडकलो, कारण पुढचा नकाशाच नव्हता. त्यांना सांगून बसलो होतो की पुढचा किनारा असा आहे, जिथून कुणी परत येत नाही. आता तो बनवायचा.

माझा धंदा उद्यमनगरात पॅटर्न बनवण्याचा, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने. हात चालतो, मोजमाप कळतं. समुद्र मात्र वर्षातून एकदा, गगनबावड्याचा घाट उतरून. नोंदी ठेवतोय त्या एवढ्यासाठी की कुणाला असलं काही करायचं असेल तर माझे पैसे गेले तिथे त्याचे जाऊ नयेत.

ठरवलेलं माप: आडवं 1:10,000, उभं 1:1,000. मॉडेल 120 सेंटिमीटर लांब, 75 रुंद, म्हणजे 12 किलोमीटरचा किनारा. उंचीचा हिशेब सोपा, 1 मिलिमीटर म्हणजे 1 मीटर. उंची दहापट ताणली नाही तर 80 मीटरचा कडा फक्त 8 मिलिमीटरचा दिसतो आणि कुणी घाबरत नाही.

खर्च: दोन इंची थर्माकोलच्या चार शीट, 440 रुपये.

रविवार, 8 जून

आठवडाभर रात्री कापत बसलो. कडे, सुळके, कवटीच्या आकाराचं एक बेट (हो, कवटी, हसू नका), कड्यावरून कोसळणारे तीन धबधबे, मागे दाट जंगल. बघून मलाच भारी वाटलं.

मग स्प्रेचा काळा रंग मारला. पाच मिनिटांत अर्धा किनारा विरघळला. डब्यातल्या सॉल्व्हंटने थर्माकोल जाळीदार होऊन बसला, कवटीचा तर नुसता दात उरला. हे सगळ्यांना ठाऊक असतं म्हणे, मला नव्हतं. थर्माकोलवर आधी पाण्यातल्या रंगाचा किंवा फेविकॉलचा जाड थर द्या, नाहीतर स्प्रे हातातच धरू नका.

गेले: 230 रुपये आणि सहा रात्री.

गुरुवार, 12 जून

झालं ते बरं झालं, असं आज वाटलं. वहिनीचे बाबा, म्हणजे आमचे काका, मालवणहून आलेत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ते दरवर्षी या दिवसांत पोरीकडे येतात आणि चार दिवसांत कंटाळतात. उरलेला अर्धा किनारा त्यांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ह्यां तर आमचां देवगड. हयसर मरतलो कोण?"

मी सुळके दाखवले, कवटीचा दात दाखवला.

"ता ऱ्हवांदे. वारो खयसून येता? गोडा पाणी खय मेळतला?"

दोन्हीचं उत्तर नव्हतं. जिथे तीन धबधबे पडतात तिथे तहानेने कोण मरणार? जंगल आहे तिथे लाकूड आहे, लाकूड आहे तिथे होडी दुरुस्त होते. मी आयुष्यात एकच किनारा बघितलाय तो कोकणचा, म्हणून मी कोकणच कापला होता आणि त्यावर भीतीदायक आकार चिकटवले होते.

काकांनी बसल्या बसल्या आणखी एक चूक काढली. पुळण, म्हणजे वाळूचा काठ, मी भूशिरांच्या टोकांना दाखवली होती आणि आतल्या बगलेत उभे कडे. असतं उलटं. लाटा उथळ पाण्यात वळतात आणि बाहेर आलेल्या टोकावर दोन्ही अंगांनी एकवटतात. तिथला खडक झिजतो आणि वाळू आत, निवाऱ्याला जाऊन बसते.

रविवार, 15 जून

नव्याने सुरुवात, आणि या वेळी आधी कारण, मग आकार. जगात खरोखर असा किनारा कुठे आहे ते शोधलं. नामिबियाचा स्केलेटन कोस्ट. मागे वाळवंट, पुढे दक्षिणेकडून येणारा बेंग्वेलाचा थंड प्रवाह. पाणी थंड, त्यामुळे त्यावरची हवा थंड आणि जड. ती वर चढत नाही, ढग धरत नाही, पाऊस पडत नाही. पडतं ते फक्त धुकं. समुद्रासमोर वाळवंट असण्याचं कारण समुद्रच. हे वाचून मी हातातला चहा खाली ठेवला.

तिथे 1909 साली एडुआर्ड बोलेन नावाचं जहाज धुक्यात रुतलं. आज त्याचा सांगाडा पाण्यापासून काही शे मीटर आत, कोरड्या वाळूत उभा आहे, कारण किनाराच पुढे सरकला. तिथल्या फुटत्या लाटांतून होडी किनाऱ्याला लागते, पण माणसांच्या ताकदीवर परत आत ढकलता येत नाही. म्हणजे येण्याला मनाई नाही, जाण्याला आहे. मला नेमकं हेच हवं होतं.

तर ठरलं: खंडाचा पश्चिम किनारा, थंड प्रवाह, वाळवंट, धुकं. धबधबे रद्द. नदी एकच, तीही काही वर्षांतून एकदा वाहणारी, आणि मुखावर वाळूचा दांडा. जंगल रद्द. गोडं पाणी म्हणजे धुकं. चिलीत उभ्या जाळ्या लावून धुक्याचं पाणी धरतात, तसं गड्यांना सुचलं तर जगतील.

नाव ठेवलं निपाणी. पाणी नाही म्हणून. कागलच्या पुढे तंबाखूचं निपाणी गाव आहे, ते विसरलोच. खेळणाऱ्यांना मोबाईलवर कळवलं. पहिलं उत्तर: "लगा, निपाणीला समुद्र कवा आला?" दुसरं: "तंबाखू मिळंल का तिथं?" तिसऱ्याने कागलवरून जाणाऱ्या बसची वेळ विचारली. नाव बदलून कोरडवेळ केलं. वेळ म्हणजे काकांच्या भाषेत समुद्रकाठ. बाकीची नावं: सासूचे दात (पाण्याखालचे खडक), फसवी पुळण, आंधळी खाडी. सासूचे दात वहिनीला आवडलं नाही, काकांना फार आवडलं.

रविवार, 22 जून

आज हातकाम शून्य, सगळा दिवस वहीत गेला. मला भरती-ओहोटी हवी होती आणि आकाशात मोठा चंद्रही. आधी दोन चंद्र ठेवले होते, पण पाण्याचं वेळापत्रक लावताना डोकं फिरलं, एक काढून टाकला. उरलेला अर्ध्या अंतरावर आणला, म्हणजे दुप्पट रुंद दिसेल.

भरतीची ओढ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर निम्मं, ओढ आठपट. मालवणला उधाणाचा, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचा, चढउतार साधारण दोन मीटरचा धरला तर इथे 16 मीटर. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात जगातला सगळ्यात मोठा चढउतार होतो, तोही 16 मीटरच्या आसपास. खूश होऊन थर्माकोलवर 16 मिलिमीटरच्या अंतराने दोन रेघा मारल्या.

एक बाब लगेच अंगावर आली. चंद्र जवळ आला की फिरतोही भरभर. 27.3 दिवसांची फेरी साडेनऊ-पावणेदहा दिवसांवर येते आणि दर दहा दिवसांनी पौर्णिमा. या जगात सत्यनारायण सांगणाऱ्या भटजींची चंगळ. आपल्याकडे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते, इथे पावणेतीन तास जाते. दोन भरत्यांत 12 तास 25 मिनिटांऐवजी 13 तास 20-25 मिनिटं.

बुधवार, 25 जून

रेघा चुकल्या. कामावर करवत चालवताना ध्यानात आलं: आठपट फक्त चंद्राच्या वाट्याला. सूर्य तिथेच आहे. आपल्या भरतीत सूर्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी, म्हणजे चंद्र 1 धरला तर सूर्य 0.46. उधाणाला दोन्ही मिळून 1.46, त्याचे दोन मीटर. नव्या जगात 8.46. भागाकार करा, साडेअकरा मीटरच्या जरा वर.

आता भांगाचा, म्हणजे सगळ्यात लहान भरतीचा, हिशेब. अष्टमीच्या सुमाराला सूर्य आडवा येतो, तेव्हा वजाबाकी. आपल्याकडे 1 वजा 0.46, म्हणून भांगाला पाणी थोडंसंच हलतं आणि कोळ्याला उसंत मिळते. इथे 8 वजा 0.46. चढउतार सव्वादहा मीटर. म्हणजे कोरडवेळेला भांगच नाही. रोज उधाण.

रात्री काकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली आणि थोड्या वेळाने विचारलं, त्या गावात कोळी कुणाची पूजा करतात.

आणि साडेअकरा मीटर म्हणजे किती? 38 फूट. हा आकडा बघून मी दोनदा तपासलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. मापं वेगळी आहेत मान्य, पण पावसाळ्यात 30 च्या पुढे गेलं की ज्या गावात लोक उठल्या उठल्या "आज किती फूट?" विचारतात, त्या गावात वाढलेल्या माणसाला 38 फूट रोज दोनदा चढतंय आणि उतरतंय हे सांगावं लागत नाही.

तेव्हाच ठरवलं. मॉडेलमध्ये रंगाचा समुद्र नको, खरं पाणी हवं.

शनिवार, 5 जुलै

पत्र्याचा ट्रे करून घेतला, 1,450 रुपये. कोपरे झाळून घेतले तरी एक गळतो. त्यात नवा थर्माकोल किनारा (जुन्यातले वाचलेले तुकडे धरून) सिलिकॉनने चिकटवला, वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर. पावसाळी हवा, प्लास्टर चार दिवस दमटच. कोमट पाण्यात मीठ घालून कालवलं की लवकर धरतं म्हणून तेही केलं. इतकं लवकर धरलं की घमेल्यातच दगड.

आज पाणी सोडलं. 30 मिलिमीटरपर्यंत सगळं ठीक. 35 ला कट्ट आवाज आला आणि सिलिकॉन सुटून अख्खा किनारा तरंगला. बारा किलोमीटरचं खंड टेबलावर हळूहळू डावीकडे निघालं. पुतण्या टाळ्या वाजवतोय, आई ओरडतेय, गळक्या कोपऱ्यातलं पाणी तिच्या शिलाई मशीनवर.

हिशेब आधी करायला हवा होता. जमिनीने व्यापलेली जागा पाऊण चौरस मीटरपेक्षा बरीच कमी, 0.45. भरतीला पाणी 42 मिलिमीटर. हटवलेलं पाणी जवळपास 19 लिटर, म्हणजे 19 किलोचा रेटा खालून. माझा किनारा प्लास्टरसकट सात किलोसुद्धा नव्हता. शिवाय प्लास्टर भिजून पापुद्रे सुटले, समुद्राचं दूध झालं.

गेले: प्लास्टर 160, एक महिना, आणि मशीनच्या सर्व्हिसिंगचे जे होतील ते.

रविवार, 13 जुलै

पाण्याखालचा 5 सेंटिमीटरचा थर आता विटांचे तुकडे आणि सिमेंट-कचाचा. वजन 40 किलोच्या आसपास, तरंगायचा प्रश्न मिटला. त्यावरचे कडे थर्माकोलचे, बाहेरून सिमेंटचा हात. सिमेंट पातळ कालवून ब्रशने तीन हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. शेवटी टेरेसला लावतात ते वॉटरप्रूफिंग. सिमेंट आणि कच 190, वॉटरप्रूफिंग 410. विटा शेजारच्या बांधकामावरच्या, मागून आणल्या.

टेबल करकरतंय. खाली चौथ्या पायाला ओंडका लावला.

रविवार, 20 जुलै

हाताची सवय आड आली ती अशी. आमच्या धंद्यात कुठलीच बाजू सरळ उभी ठेवत नाहीत. थोडा ढाळ देतात, ड्राफ्ट म्हणतो आम्ही, म्हणजे नमुना वाळूतून उपसताना साचा फाटत नाही. खालून आत कापलेला भाग तर पापच. पंधरा वर्षं हेच केल्यावर माझे सगळे कडे नकळत वर निमुळते, खाली रुंद झाले होते. साच्यातून अलगद निघतील असे.

काकांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, समुद्र खालून खातो. भरतीच्या रेघेपाशी लाट आणि तिच्यातले गोटे रोज आपटतात. खडक तिथे आत जातो, वरचा भाग पुढे लोंबतो, आणि एक दिवस ढासळतो. त्या ढिगाऱ्यावर होडी फुटते.

मग जुनी हॅक्सॉ पाती वाकवून पाण्याच्या दोन रेघांमध्ये कड्यांना खाच पाडली. ओलं सिमेंट होतं तोवर सोपं गेलं असतं, आता दोन दिवस गेले. हात थरथरत होता. पण या एका खाचेने जेवढा फरक पडला तेवढा सगळ्या सुळक्यांनी मिळून पडला नव्हता. वरून बघितलं तर कडा साधा. डोळे पाण्याच्या पातळीला आणून बघितलं तर वर चढायला जागाच नाही.

फसव्या पुळणीला उलटं केलं, अगदी सपाट. 12 मीटरची पातळी 1,200 मीटरवर पसरवली, म्हणजे मॉडेलवर 12 सेंटिमीटर.

गुरुवार, 24 जुलै

गटारी. काम बंद. तांबडा-पांढरा.

रविवार, 27 जुलै

रंग, 340 रुपये. पाण्याचा काळा, ओल्या खडकाचा करडा, वाळूचा पिवळट. भरतीच्या रेघेखाली गडद आणि हिरवट, वर फिका. ही रेघ दिसलीच पाहिजे, कारण शहाणा खलाशी आधी तिच्याकडे बघतो. धुकं म्हणून उशीतला कापूस लावला, किनाऱ्याला दाढी आल्यासारखं झालं, उपटून टाकला.

पुळणीच्या मागे पाच सेंटिमीटर आत आगपेटीच्या काडीचं एक गलबत रोवलं. आकार एका सेंटिमीटरचा. कुणाच्या लक्षात येतं का बघू.

किनारा किती लांब, हा प्रश्न येणार म्हणून दोरा लावून मोजला. ठळक वळणं धरून 19 किलोमीटर, प्रत्येक खाचेत दोरा घातल्यावर 31. गोंधळू नका. भारताचा किनारा पुस्तकात 7,516 किलोमीटर शिकलो, बारीक नकाशावर मोजल्यावर तो 11,098 झाला. जमीन वाढली नाही, पट्टी लहान झाली. खेळात पायी चालायचं असेल तर 31 धरा.

शनिवार, 2 ऑगस्ट

काका काल गेले. मासेमारी सुरू.

पाणी चढवायला कूलरचा पंप आणला होता, 280 रुपये. त्याने धार अशी मारली की पुळणीचा रंग धुतला. कॉक लावून आवळला तर पंप तापतो. भरतीला जास्त पाणी लागतही नाही. समुद्राचा भाग 0.48 चौरस मीटर, 12 मिलिमीटर चढवायला साधारण पावणेसहा लिटर.

उपाय शेवटी बादलीने दिला. 15 लिटरची बादली स्टुलावर, तिच्या बुडातून नळी ट्रेच्या बुडात. बादली उचलली की पाणी ट्रेमध्ये, खाली ठेवली की परत. नळी आणि कॉक 120 रुपये, वीज नको, आवाज नाही. बादलीखाली 9 मिलिमीटर प्लायचे बारा तुकडे. बाराच का, तर पाणी सारख्या गतीने चढत नाही. चढायच्या वेळेचे सहा भाग केले तर पहिल्या भागात बारावा हिस्सा, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. मधल्या दोन भागांत निम्मं पाणी येतं. तुकडे त्याच क्रमाने सरकवायचे: 1, 2, 3, 3, 2, 1. खेळातला एक भाग म्हणजे साधारण 1 तास 7 मिनिटं.

एकूण खर्च 3,620. त्यातले स्प्रे, प्लास्टर, पंप आणि फुकट गेलेला निम्मा थर्माकोल धरून 890 पाण्यात, शब्दशः.

रविवार, 10 ऑगस्ट

ट्रे राजारामपुरीत न्यायला रिक्षा नको, टेम्पो लागला, 300 रुपये. हे वरच्या हिशेबात नाहीत. चौघांनी माडीवर चढवला.

काल नारळी पौर्णिमा झाली, काकांचा फोन आला होता. गड्यांना भरतीला किनाऱ्यावर आणलं. सासूचे दात चार मिलिमीटर पाण्याखाली, दिसत नव्हते, होडी वरून निसटून गेली. कुणी फासा टाकायलाही मागितला नाही. फसव्या पुळणीवर होडी लावली, सगळे हसत उतरले. हिरवट रेघेकडे एकाचंही लक्ष नाही. तिघे पाणी शोधायला वाळवंटात गेले, एक होडीपाशी थांबला.

मी गप्पा मारत एक प्लाय काढला. मग दोन. मग तीन.

होडीपाशी थांबलेल्याने आधी बघितलं. समुद्र चार बोटं मागे. आणखी तीन काढले. दात वर आले, एकेक, काळे. जिथून होडी आली होती तिथे आता खडकांची रांग आणि होडीपुढे जवळपास किलोमीटरभर ओली वाळू. कुणी बोलेना. मग एकाला आतलं काडीचं गलबत दिसलं, त्याने वाकून विचारलं, "हे इतक्या आत कसं?"

मी सांगितलं नाही. उरलेले प्लाय काढले, बादली जमिनीवर ठेवली.

वाळवंटात गेलेले तिघे रिकाम्या पखाली घेऊन परतले आणि कलत्या होडीवर बसले. पाणी परत यायला सहा तास चाळीस मिनिटं, तोवर रात्र. धुकं उतरायला लागलंय असं मी जाहीर केलं. एकाने फासा हातात धरून बादलीकडे बघितलं आणि विचारलं, "किती फूट आहे आत्ता?"

कोपरा अजून गळतो. खाली टॉवेल टाकून ठेवलाय, पुढच्या रविवारच्या आत एम-सील लावायचं आहे.